सदाशिव पेठेतल्या काळ्या दगडात जीवाश्म का नाहीत?

सदाशिव पेठेत एमपीएससीचा अभ्यास करणाऱ्या मुलामुलींसोबत आम्ही रविवारी तासभर बसतो. मागच्या रविवारी विषय होता जीवाश्म. नागपूरच्या एका मुलीने विचारलं, "इथल्या जुन्या वाड्यांच्या जोत्याला एवढा काळा दगड आहे, त्यात एकही शिंपला कसा दिसत नाही?"

हा दगड म्हणजे बेसॉल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिलेला लाव्हा थिजून झालेला. भाजे-कार्ल्याची लेणी याच दगडात कोरलेली आहेत. तापलेल्या लाव्ह्यात हाड किंवा पान टिकत नाही. जीवाश्म व्हायला मेलेला जीव गाळात लवकर गाडला जावा लागतो. मग पाण्यातली खनिजं हळूहळू त्याची जागा घेतात.

पण हा लाव्हा एका दमात आला नाही. मधल्या काळात तळी साचली, झाडं वाढली, गोगलगायी फिरल्या. पुढच्या लाव्ह्याने तो गाळ झाकून टाकला. नागपुरातच टाकळीला स्टीफन हिस्लॉप यांनी १८५० च्या दशकात अशा थरातून बिया, फळं, शंख गोळा केले. ही मुलगी दरवर्षी दीक्षाभूमीवर जाते. टाकळीचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुऱ्याला तर डायनासोरच्या काळातल्या विष्ठेचे दगड मिळतात. (इथे मुलं हसली.) २००५ मध्ये संशोधकांनी दाखवलं की त्यात गवताचे सूक्ष्म कण आहेत. तोवर समज होता की गवत डायनासोरनंतर आलं. शेणाने पाठ्यपुस्तक बदललं!

तरीही डायनासोर फार अलीकडचे. ऑस्ट्रेलियात सूक्ष्मजीवांच्या थरांचे सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीचे दगड आहेत. आपल्याकडे उत्तर प्रदेशात सोनभद्रजवळ सलखनला तसेच, सुमारे १४० कोटी वर्षांचे, उघड्यावर दिसतात. यांच्यातल्याच काही सूक्ष्मजीवांनी हवेत प्राणवायू भरला. त्याही आधी निर्जीवातून जीव कसा झाला, यावर जीवाश्म गप्प आहेत. १९५३ मध्ये मिलरने साध्या वायूंत विजेच्या ठिणग्या पाडून अमिनो आम्लं मिळवली. ती जीवसृष्टीची कच्ची सामग्री, जीव नव्हे.

हे ३५० कोटी एका वर्षात बसवले, तर डायनासोर संपले २५ डिसेंबरच्या सुमारास. मनुस्मृती दहनाची तारीख, म्हणून आपल्याला लक्षात राहील. आपण माणसं आलो ३१ च्या रात्री, शेवटच्या पाऊण तासात. सगळे एकाच वंशवेलीवर. मुखातून कोण आणि पायातून कोण, याची नोंद कुठल्याच थरात नाही.

एनसीईआरटीने दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा भाग काढला, तेव्हा १८०० हून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहून विरोध केला. दहावीनंतर शाळा सुटणारी मुलं कुणाची असतात, हे आपल्याला माहीत आहे. आणि आपल्याच ग्रुपवर "तथागतांनी उत्क्रांती आधीच सांगितली होती" असे मेसेज फिरतात, तेही आम्हाला पटत नाही. अनित्यता सांगणं वेगळं, दगड फोडून वय काढणं वेगळं. दुसऱ्यांच्या पुराणातल्या विमानांना हसायचं आणि स्वतः तेच करायचं?

राज्य मंडळाच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये पहिलाच धडा 'आनुवंशिकता व उत्क्रांती' आहे. पुढच्या रविवारी तोच घेऊन बसतोय. पुस्तक सोबत आणा.