लसीच्या सातबाऱ्यावर कुणाचे नाव?

गावाकडची जमिनीची प्रकरणे चालवताना आम्ही एक प्रकार वारंवार पाहतो. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव भलत्याचेच. नावासाठी एवढे भांडता कशाला, असा सल्ला देणारे शहाणेही भेटतात. परंतु कर्ज नावावर मिळते आणि धरणात जमीन गेली तर मोबदलाही नावावरच मिळतो. औषधाच्या पेटंटवर 'शोधक' म्हणून कुणाचे नाव लागते, यालाही असेच महत्त्व असते. म्हणूनच कोरोना लसीवरून अमेरिकेत २०२१ मध्ये झालेला तंटा आपल्या वाचकांनी नीट समजून घेतला पाहिजे.

मॉडर्ना ही खासगी कंपनी आणि एनआयएच ही अमेरिकी सरकारची आरोग्य-संशोधन संस्था साथ येण्याआधीपासूनच एकत्र काम करीत होत्या. जानेवारी २०२० मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी विषाणूचा जनुकीय आराखडा जाहीर केला. १३ जानेवारीला लसीचा क्रम ठरलाही, आणि १६ मार्चला सिएटल शहरात पहिली सुई टोचली गेली. एवढा वेग आला कुठून? मर्स या आधीच्या आजाराच्या विषाणूवर सरकारी प्रयोगशाळेने केलेल्या कामातून. विषाणूच्या अंगावरचे काटेरी प्रथिन आपला आकार बदलते. त्यातले दोन घटक बदलले की ते मूळ आकारात पक्के राहते आणि शरीर नेमक्या शत्रूला ओळखायला शिकते. ही युक्ती सरकारी शास्त्रज्ञांनी विद्यापीठांतील सहकाऱ्यांसह साथीपूर्वीच शोधली होती. लसीच्या विकासासाठी पैसाही जनतेचाच गेला, तो शंभर कोटी डॉलरहून अधिक.

आता वाद पाहा. एनआयएचचे म्हणणे असे की, बार्नी ग्रॅहॅम, जॉन मॅस्कोला आणि किझमेकिया कॉर्बेट या आमच्या तिघांनी कंपनीच्या शास्त्रज्ञांबरोबर मिळून लसीचा क्रम तयार केला. कंपनीने मात्र २०२१ मध्ये पेटंट कार्यालयाला लिहून दिले की हे तिघे सहशोधक नाहीत, क्रम आमच्याच माणसांनी बनवला.

वकील म्हणून आम्हाला मान्य केले पाहिजे की कंपनीची बाजू अगदीच पोकळ नव्हती. अमेरिकी कायद्यात मूळ कल्पनेत ज्याचा वाटा तो शोधक. नुसते प्रयोग करणारा नव्हे. नाव चुकीचे घातले किंवा खरे वगळले, तर पेटंटच धोक्यात येते. परंतु वाद उघड होताच नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने काय देऊ केले? सरकारला पेटंटची सहमालकी! म्हणजे वाटा घ्या, पण शोध लावला असे म्हणू नका. मेहेरबानी आणि हक्क यांतला फरक आपल्या लोकांना वेगळा समजावून सांगायला नको.

त्या देशात सहमालक दुसऱ्या मालकाला न विचारता इतरांना परवाना देऊ शकतो. प्रश्न गंभीर होता तो यासाठी. भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर २०२० मध्येच जागतिक व्यापार संघटनेकडे पेटंटची बंधने सैल करण्याची मागणी केली होती. श्रीमंत देशांनी घोळ घातला आणि जून २०२२ मध्ये अर्धामुर्धा निर्णय पदरात पडला. नुसत्या परवान्याने लस बनत नाही, कृतीही शिकवावी लागते, हे खरे. पण परवान्याशिवाय सुरुवात तरी कशी होणार?

वगळलेल्या तिघांपैकी कॉर्बेट या तेव्हा तिशीत असलेल्या कृष्णवर्णीय स्त्री. पण उरलेले दोघे गोरे पुरुष आहेत, तेव्हा हा निव्वळ वर्णाचा मामला म्हणून आम्ही रंगवणार नाही. येथे सार्वजनिक पगारावर काम करणाऱ्याला खासगी मालकाने बाजूला सारले.

डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीने अखेरचे शुल्क न भरता ते पेटंट लांबणीवर टाकले. त्या एका वर्षात तिने सुमारे १,७७० कोटी डॉलरची लस विकली. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये तिने काटेरी प्रथिनाच्या त्या जुन्या युक्तीच्या वापरापोटी एनआयएच आणि दोन संस्थांना ४० कोटी डॉलर दिल्याचे जाहीर झाले. त्या युक्तीच्या पेटंटवर बारा शोधकांची नावे आहेत आणि त्यांत किझमेकिया कॉर्बेट हे नाव आहे. तिथे अर्ज कंपनीने केला नव्हता.