मैलापाण्याचा वास: उगम गटारात, तक्रार खिडकीत

रात्रीची जेवणे आटोपली, वारा पडला, हवा जरा गार झाली म्हणून खिडकी उघडावी आणि सडक्या अंड्यांसारखा भपकारा आत यावा, हा अनुभव सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या शेजारी राहणाऱ्यांना नवा नाही. दुपारी मात्र त्याच खिडकीतून काहीच जाणवत नाही. सकाळी अकरा वाजता पाहणीला आलेला अधिकारी 'वास आढळला नाही' असा शेरा मारून जातो आणि रहिवासी संतापतात. खरे तर दोघेही खोटे बोलत नसतात. दिवसा तापलेली जमीन हवेला वर ढकलते, वास वर जाऊन विरळ होतो. सूर्य मावळल्यावर जमिनीलगतची हवा गार होते, तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. वास मग वर न जाता आडवा पसरतो आणि पहाटेपर्यंत वस्तीत रेंगाळतो.

या वासाकडे 'थोडी गैरसोय' म्हणून पाहण्याची सवय आहे. ती महागात पडते. सांडपाण्यावर प्रक्रिया झाली पाहिजे हे सर्वांना मान्य असते, पण केंद्र आपल्या वॉर्डात नको असते, आणि त्यामागे पहिले कारण वासाचेच असते. विरोधामुळे केंद्र रखडले की मैलापाणी तसेच नदीत, खाडीत जात राहते. मुंबईत वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप आणि घाटकोपर अशा सात ठिकाणी रोज एकूण २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेची केंद्रे उभारण्याचे काम हाती घेतलेले आहे. यांपैकी बहुतेक जागांच्या भोवती दाट वस्ती आहे. वास आटोक्यात ठेवणे हा तिथे शोभेचा भाग नाही. लोकांनी केंद्र स्वीकारणे त्यावरच अवलंबून आहे.

वास आणि आजार यांचे नाते वैद्यकशास्त्राने एकदा चुकीचे लावले होते. एकोणिसाव्या शतकात दुर्गंधी म्हणजेच रोग, अशी पक्की समजूत होती. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला इतकी घाण सुटली की लंडनच्या पार्लमेंटचे पडदे चुन्याच्या द्रावणात भिजवावे लागले. त्याआधी चारच वर्षे डॉ. जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपाकडे बोट दाखवून कॉलरा हवेतून नव्हे तर पाण्यातून पसरतो असे सांगितले होते. पण ते फारसे कोणी मनावर घेतले नव्हते. अखेर जोसेफ बॅझलगेट यांना भूमिगत गटारांचे जाळे बांधायला पैसे मिळाले ते वासाच्या भीतीने. कारण चुकीचे होते, उपाय मात्र बरोबर निघाला. असे भाग्य नेहमी लाभत नाही.

आज आपल्याला ठाऊक आहे की वासामुळे कॉलरा किंवा टायफॉइड होत नाही. म्हणून वास निरुपद्रवी ठरतो का? इथे थोडे रसायनशास्त्र समजून घ्यावे लागते.

ताजे मैलापाणी फारसे घाण वासाचे नसते. त्याला साबणाचा, मातकट असा सौम्य वास असतो. ते सडू लागते ते वाटेत. लांबलचक, कमी उताराच्या वाहिनीत पाणी संथ झाले की त्यातला ऑक्सिजन संपतो. वाहिनीच्या आतल्या भिंतीवर बुळबुळीत थर जमलेला असतो. त्यातले जिवाणू ऑक्सिजन नसताना पाण्यातल्या सल्फेटवर भागवतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सल्फेट येते लघवीतून, साबणाच्या पावडरीतून, बोअरच्या पाण्यातून. पाणी जितके उबदार तितका हा कारभार वेगाने चालतो. आपल्याकडचा एप्रिल-मे त्याला फारच मानवतो. या वायूच्या जोडीला मरकॅप्टन नावाची संयुगेही असतात. स्वयंपाकाच्या गॅसची गळती कळावी म्हणून त्यात जो वास मिसळतात, तो याच कुळातला.

वायू पाण्यात विरघळलेला असेपर्यंत नाकाला पत्ता लागत नाही. पाणी घुसळले गेले की तो सुटतो. त्यामुळे केंद्रातल्या वासाच्या जागा ठरलेल्या असतात: पाणी जिथे येऊन आदळते ती विहीर, कचरा अडवणाऱ्या जाळ्या, वाळू बसवण्याचे कुंड, पहिली निवळण टाकी, आणि सर्वांत जास्त म्हणजे गाळ घट्ट करण्याची व पिळण्याची जागा. हवा खेळवलेल्या टाक्यांवर लोकांचा राग असतो, कारण त्या मोठ्या आणि फेसाळ दिसतात. पण पुरेसा ऑक्सिजन मिळणाऱ्या टाकीला ओल्या मातीसारखा वास येतो. ती टाकी घाण मारू लागली तर समजावे की हवा कमी पडते आहे.

आता आरोग्याचे. माणसाचे नाक हायड्रोजन सल्फाइड फार थोड्या प्रमाणात ओळखते, अब्ज भागांत काही भाग एवढ्यातही. जागतिक आरोग्य संघटनेने युरोपसाठी केलेल्या मार्गदर्शक सूचनांत या वायूसाठी दोन वेगळे आकडे आहेत. शरीराला इजा होऊ नये म्हणून चोवीस तासांची सरासरी घनमीटरमागे १५० मायक्रोग्रॅमच्या आत असावी. आणि वासाची तक्रार येऊ नये म्हणून अर्ध्या तासाची पातळी ७ मायक्रोग्रॅमच्या पुढे जाऊ नये. म्हणजे नाक कुरकुरू लागते ती पातळी इजेच्या मर्यादेच्या सुमारे विसावा भाग आहे. शेजारच्या इमारतीत वास आला म्हणजे विषबाधा झाली असे नाही, ही यातली दिलासा देणारी बाजू.

न्यूझीलंडमधल्या रोटोरुआ शहरात जमिनीतूनच हा वायू सतत बाहेर येतो आणि सगळे गाव त्यातच राहते. तिथल्या सुमारे १,६०० प्रौढांच्या तपासणीत या वायूमुळे दमा वाढल्याचे किंवा स्मरणशक्ती खालावल्याचे आढळले नाही. पण तिथले लोक त्या वासासह वाढलेले किंवा तो माहीत असूनच तिथे स्थायिक झालेले. नको असलेला, केव्हा येईल ते सांगता न येणारा वास ही वेगळी गोष्ट. अशा वासाने डोके दुखते, मळमळते, झोप मोडते, चिडचिड होते. ज्याला दमा आहे त्याची छाती भरल्यासारखी होऊ शकते. ही लक्षणे वायूच्या विषारीपणाने नव्हे, तर वास, ताण आणि चिंता यांच्या साखळीने येतात. म्हणून ती खोटी ठरत नाहीत. 'तुमच्या रिपोर्टमध्ये काही नाही' एवढे सांगून अशा रुग्णाला परत पाठवणे हे अर्धेच काम झाले.

दुसरी बाजू भयंकर आहे. हाच वायू बंद विहिरीत, मॅनहोलमध्ये किंवा झाकलेल्या टाकीत साठला की पेशींची ऑक्सिजन वापरण्याची यंत्रणाच तो बंद पाडतो, काहीसा सायनाइडसारखा. दहा लाख भागांत सुमारे १०० भाग झाले की वास ओळखणाऱ्या नसा बधिर होतात. वास गेला, म्हणजे हवा स्वच्छ झाली, असे आत उतरलेल्याला वाटते. प्रत्यक्षात धोका वाढलेला असतो. ५०० ते ७०० भागांच्या पुढे माणूस काही मिनिटांत कोसळतो. वायू हवेपेक्षा जड, त्यामुळे तो तळाशीच बसतो. मग वरचा सहकारी त्याला काढायला उडी मारतो आणि तोही पडतो. एका घटनेत दोघे-तिघे दगावल्याच्या बातम्या त्यामुळेच येतात. या विषाला खात्रीचा उतारा नाही. ऑक्सिजन आणि श्वासाला आधार एवढेच हाती असते, तेही रुग्ण वेळेत बाहेर आला तर. संरक्षक साधनांशिवाय कोणालाही गटार साफ करायला उतरवण्यास २०१३च्या कायद्याने मनाई आहे. खिशाला अडकवायचा वायुमापक आणि आत सोडायची ताजी हवा यांचा खर्च कोणत्याही नगरपालिकेला पेलण्याजोगा आहे.

वास घालवण्याचे उपाय या दोन्ही बाजू लक्षात ठेवूनच निवडावे लागतात. पहिला मोह झाकण घालण्याचा. टाक्या आणि जाळ्यांवर फायबरची झाकणे घातली की बाहेरचा वास लगेच कमी होतो. पण आतली हवा पंख्याने ओढून घेतली नाही, तर झाकणाखाली वायू साठतो, दुरुस्तीला आलेल्याचा जीव धोक्यात येतो आणि काँक्रीटही जाते. ओलसर छतावर बसलेले जिवाणू या वायूपासून चक्क गंधकाम्ल बनवतात. वाहिन्यांची छते झडतात त्यामागे जिवाणू आहेत, हे सी. डी. पार्कर यांनी मेलबर्नमध्ये १९४५ साली दाखवले.

या मेलबर्नला एकोणिसाव्या शतकात 'स्मेलबर्न' म्हणून हिणवले जाई. तिथे वेरिबी येथे १८९०च्या दशकापासून शेतावर मैलापाणी सोडले जात होते. पुढे मोठी तळी बांधली गेली आणि त्यांपैकी सडण्याची क्रिया जिथे होते त्या भागावर प्रचंड प्लास्टिकची आच्छादने पसरली. खाली साठणारा वायू ओढून त्यावर वीज तयार केली जाते. वासही गेला आणि मिथेनही हवेत जायचे थांबले. एवढी जागा आपल्या शहरांत नाही, हे खरे. पण झाकलेली हवा नळातून बाहेर काढून तिचे काहीतरी करायचे, हे तत्त्व तेच.

ओढून घेतलेल्या हवेचे करायचे काय? एक मार्ग रासायनिक धुलाईचा: मनोऱ्यात वरून कॉस्टिक सोडा आणि हायपोक्लोराइटचे पाणी, खालून हवा. काम चोख, जागा कमी, पण रसायनांचा खर्च रोजचा आणि ती हाताळायला शिकलेला माणूस हवा. दुसरा मार्ग जिवाणूंचाच. लाकडाचे तुकडे, कंपोस्ट किंवा नारळाच्या सोडणाचा साधारण मीटरभर जाडीचा ओला थर करायचा आणि त्यातून हवा सावकाश, अर्धा ते एक मिनिट लागेल अशी जाऊ द्यायची. थरातले जिवाणू वासाचे वायू खाऊन टाकतात. मातीतून हवा गाळण्याच्या अशा पद्धतीचे पेटंट रिचर्ड पॉमेरॉय यांनी अमेरिकेत १९५७ साली घेतले. आपल्या उष्ण हवेत जिवाणू जोमाने वाढतात आणि सोडणांची कोकणात वाण नाही, म्हणून हा उपाय आपल्याला जास्त सोयीचा. एकच पथ्य: थर वाळू द्यायचा नाही. पाण्याचा फवारा बंद पडला की आठवड्याभरात थराला भेगा पडतात, हवा त्या भेगांतून सुटते आणि यंत्रणा 'चालू' असूनही वास येतो. काही वर्षांनी थर बदलावाही लागतो, आणि निविदेत हा खर्च बहुधा धरलेला नसतो. सक्रिय कोळशाचे गाळणे शेवटच्या टप्प्याला उत्तम, पण कोळसा भरला की त्याची गत जुन्या स्पंजसारखी होते.

तरीही खरी बचत वाहिनीतच आहे. केंद्राच्या अलीकडे पंपिंग स्टेशनवर थोडे कॅल्शियम नायट्रेट सोडले की जिवाणू सल्फेटऐवजी नायट्रेट वापरतात आणि वायू तयारच होत नाही. लोहाचे क्षार टाकले तर सल्फाइड काळ्या गाळाच्या रूपाने बांधले जाते. यापेक्षा स्वस्त म्हणजे विहिरीत पाणी तासन्‌तास साठवून न ठेवणे, तळ नियमित साफ करणे, पिळलेला गाळ त्याच दिवशी झाकलेल्या गाडीतून हलवणे.

सुगंधी फवारे मात्र टाळावेत. चमेलीच्या वासाने हायड्रोजन सल्फाइड एका कणानेही कमी होत नाही. नाकाची धोक्याची घंटा तेवढी दबते, आणि दम्याच्या रुग्णाला एकाऐवजी दोन त्रास होतात.

मोठ्या सोसायट्यांच्या तळघरातल्या छोट्या केंद्रांची तक्रार वेगळीच असते. वीजबिल वाचवण्यासाठी रात्री ब्लोअर बंद ठेवले जातात. हवेवर जगणारे जिवाणू उपाशी मरतात, टाकी सडते आणि सकाळी पहिल्या मजल्यावरचा माणूस खिडक्या लावून बसतो. तळघरात हवा काढणारा पंखा नसेल तर ऑपरेटरची अवस्था मॅनहोलमधल्या माणसापेक्षा फार वेगळी नसते. वाचवलेले बिल आणि नंतर टाकी पुन्हा मार्गावर आणायचा खर्च यांचा हिशेब एकदा कागदावर मांडावा.

वास मोजायचा कसा, हा प्रश्न शेवटी येतोच. देशाच्या हवेच्या गुणवत्ता मानकांत बारा प्रदूषके आहेत. त्यांत अमोनिया आहे, हायड्रोजन सल्फाइड नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००८ मध्ये दुर्गंधीबाबत मार्गदर्शिका काढली, पण मार्गदर्शिका म्हणजे मर्यादा नव्हे. युरोपात ईएन १३७२५ या मानकानुसार आजही माणसांच्या नाकानेच मोजतात. ब्युटेनॉलच्या वासावर चाचणी घेऊन फार तीक्ष्ण आणि फार बोथट नाके वगळली जातात, आणि निवडलेल्या मंडळींना नमुन्याची हवा पातळ करत करत हुंगवली जाते.

एवढी सोय नसलेल्या ठिकाणी रहिवाशांची वही बरेच काम करते. तारीख, वास सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, वाऱ्याची दिशा, वास सडक्या अंड्यांचा की कुजक्या कोबीचा, एवढ्या नोंदी महिनाभर ठेवाव्यात आणि केंद्राच्या लॉगबुकातल्या पंप चालवल्याच्या व गाळ पिळल्याच्या वेळांशेजारी मांडाव्यात. रात्री साडेनऊचा भपकारा नेमका कोणत्या टाकीचा, हे त्या दोन वह्या शेजारी ठेवल्यावर बहुतेक वेळा कळते.