भूमीची चित्रे प्रदर्शनाच्या दालनात

कुंभकोणम्‌जवळील गोविंदपुरम् हे गाव तेथील विठ्ठल-रुक्मिणीच्या मंदिरामुळे अनेक मराठी यात्रेकरूंच्या परिचयाचे आहे. मार्गळी महिन्यात, म्हणजे आपल्या मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास, आपण तिकडे भल्या पहाटे गेलात, तर दारोदारी गृहिणी सडा घालून ओल्या भूमीवर तांदळाच्या पिठाचे कोलम रेखताना दिसतील. उन्हे वर येईतो त्यातले काही पीठ मुंग्यांनी नेलेले असते, काही येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पावलांना लागलेले असते. त्याची खंत कोणालाच नसते. उद्या दुसरे कोलम असतेच. आता, वाचकहो, अशी कल्पना करा की, हेच कोलम शहरातील एखाद्या कलादालनात मांडावयाचे आहे. ते कशावर काढावयाचे? किती दिवस राखावयाचे? आणि त्याच्याखाली नाव कोणाचे लिहावयाचे?

हा प्रश्न केवळ कल्पनेतला नव्हे. तांदळाच्याच पिठाने चित्रे काढणाऱ्या आपल्या वारली समाजापुढे तो प्रत्यक्ष येऊन ठाकला. डहाणू-तलासरीचा वारल्यांचा हा मुलूख पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात मोडतो. कुडाची भिंत शेणामातीने सारवावी, तीवर गेरूचा हात फिरवावा, तांदूळ भिजवून वाटावेत आणि बांबूच्या काडीचे टोक चावून मऊ करून तिने चित्र रेखावे, एवढीच या कलेची सामग्री. घरात लग्न निघाले की सुवासिनी भिंतीवर चौक लिहीत. चौकात पालघट देवीची स्थापना होई, धवलेरी मंत्रगीते गाई आणि मगच विवाह पुढे सरके. कार्य झाले की त्या चित्राचेही काम संपले. धुराने ते काळवंडे, पावसाळ्यात पुसट होई, आणि पुढल्या कार्याला त्याच भिंतीवर नवे सारवण पडे.

१९७० नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार या पाड्यांवर येऊ लागले. १९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळात श्रीमती पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून ते मिथिलेला गेले होते आणि तेथील स्त्रियांना भिंतीवरची चित्रे कागदावर काढण्यास त्यांनी प्रवृत्त केले होते. वारल्यांच्या पाड्यांवरही त्यांनी कागद आणला. तेव्हा पुढे आला तो गंजाडजवळच्या पाड्यावर राहणारा एक पुरुष, जिव्या सोमा म्हसे. १९३४ साली जन्मलेल्या या कलावंताची आई तो सात वर्षांचा असतानाच वारली. त्या आघाताने मुलाची वाचा बसली, आणि पुढे काही वर्षे तो धुळीत आकृत्या काढूनच आपले मनोगत सांगत असे. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्याची चित्रे लागली. १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०११ मध्ये ‘पद्मश्री’ने गौरव झाला.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने नोंदविली पाहिजे. चित्र भिंतीवरून कागदावर आले आणि त्याबरोबर पुष्कळसे सुवासिनींच्या हातून पुरुषांच्या हाती गेले. चौकाच्या जागी पेरणी, कापणी, मासेमारीचे जाळे, तारप्याभोवतीचा नाच हे विषय आले. कलावंताला नाव मिळाले, घरात चार पैसे आले. पण ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिले, त्या स्त्रियांची नावे बहुतेक अज्ञातच राहिली. हा व्यवहार केवळ लाभाचा होता, असे मला वाटत नाही.

पुढे १९८९ साली पॅरिसमध्ये पॉम्पिदू केंद्र व ला विलेत येथील विशाल मंडई अशा दोन ठिकाणी एक मोठे सामूहिक प्रदर्शन भरले. जगाच्या सर्व खंडांतील शंभराहून अधिक कलावंत त्यात होते. सुमारे निम्मे पाश्चात्त्य, निम्मे इतर. जिव्या म्हसे त्यांपैकी एक. योजक झाँ-उबेर मार्तँ यांनी नावातून ‘कला’ हा शब्द हेतुपुरस्सर गाळून ‘भूमीचे जादूगार’ अशा अर्थाचे फ्रेंच शीर्षक दिले. (फ्रेंच भाषेत पृथ्वी आणि माती यांना एकच शब्द आहे, भाषांतर करणाराची ती मोठीच अडचण.) आफ्रिकेतील किंवा भारतातील निर्मिती तोवर बहुधा वस्तुसंग्रहालयाच्या कपाटात जमातीच्या नावाने ठेवली जाई. येथे ती व्यक्तीच्या नावाने, पाश्चात्त्य चित्रकारांच्या पंक्तीला आली.

पंक्तीला आली खरी, पण पाने कशी मांडली? ऑस्ट्रेलियातील युएन्डुमूच्या आदिवासी चित्रकारांनी दालनाच्या भूमीवर आपले पवित्र भूचित्र रेखले होते. त्याच्या मागच्या भिंतीवर इंग्रज कलावंत रिचर्ड लाँग यांनी मातीने काढलेले प्रचंड वर्तुळ होते. वर्तुळ उंचावर, भूचित्र पायाशी! नजर आधी कोठे जाणार? अनेक समीक्षकांनी या मांडणीवर टीका केली, आणि ती अनाठायी म्हणता येणार नाही. प्रदर्शन मांडणाऱ्याच्या हाती खिळा आणि हातोडी असते, पण मोठेपणा-लहानपणही त्यानेच ठरतो.

त्यानंतर चौदा वर्षांनी मार्तँ जर्मनीतील ड्यूसेलडॉर्फ येथील संग्रहालयाचे संचालक असताना, २००३ साली, तेथे दोघांचेच प्रदर्शन झाले: रिचर्ड लाँग आणि जिव्या सोमा म्हसे. नाव होते ‘संवाद’. एर्व्हे पेर्द्रिओल या फ्रेंच गृहस्थांनी ही गाठ घालून दिली होती. प्रदर्शनापूर्वी लाँग स्वतः वारल्यांच्या मुलखात आले. चालावे, आणि वाटेत सापडेल त्या दगडामातीने भूमीवर रेषा किंवा वर्तुळ मांडावे, ही त्यांची जुनी रीत. मांडलेले ते तेथेच सोडून देतात; दालनात लागते ते त्याचे छायाचित्र. वारली मुलखातही त्यांनी तेच केले.

म्हणजे पाहा, शेणाने सारवलेल्या कापडावर जिव्यांनी काढलेली चित्रे दूरदेशी भिंतीवर चढली, आणि इंग्रज पाहुण्याने आखलेल्या रेषा मात्र डहाणूकडच्या मातीत, लग्नचौकासारख्याच, पुढल्या पावसाच्या स्वाधीन राहिल्या.