घरच्या भिंतीवरील चित्रें

पाहुणा घरांत येऊन बसला आणि यजमान पाणी आणावयास आंत गेला, कीं पाहुण्याची दृष्टि प्रथम भिंतीकडे जाते. तेथें कोणाच्या तसबिरी आहेत, कोणती मध्यभागीं आहे, कोणती दाराआड दडली आहे, हें पाहून त्या घराविषयीं तो मनांत कांहीं ठरवितो. यजमानानें मात्र बहुधा कांहींच ठरविलेलें नसतें. गेल्या वर्षाच्या दिनदर्शिकेचा खिळा रिकामा होता म्हणून तेथें मुलाचें प्रशस्तिपत्र आलें. लग्नांत मिळालेलें घड्याळ त्याच्या शेजारीं बसलें. आणि आजोबांची तसबीर पंख्याच्या वाऱ्यानें हलते म्हणून कपाटावर गेली ती गेलीच. नंदनवनांतील पुष्कळ बैठकींची ही हकीकत आहे, आणि आमचें घर त्याला अपवाद नव्हतें.

चित्रांनीं भिंत सजविणें ही एके काळीं श्रीमंतांचीच गोष्ट होती. वाईजवळ मेणवली येथें नाना फडणविसांच्या वाड्यांत खुद्द भिंतींवरच चित्रें रंगविलेलीं आहेत. पण ज्याच्या पदरीं चितारी नाहीं त्यानें काय करावें? हा प्रश्न छापखान्यानें सोडविला. १८७८ सालीं पुण्यास विष्णुशास्त्री चिपळूणकर व त्यांचे सहकारी यांनीं चित्रशाळा काढली. पुढें १८९४ सालीं राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईस सुरू झाला व नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. एकेका रंगासाठीं निराळी शिळा तयार करावयाची आणि एकाच कागदावर रंगामागून रंग उठवावयाचा, असें तें काम होतें. त्यामुळें तैलचित्रासारखें दिसणारें चित्र थोड्या पैशांत सामान्य माणसाच्या घरींही पोहोंचलें.

तीं चित्रें छताजवळ, वरची कड पुढें झुकवून टांगीत. त्याला कारण होतें. माणसें जमिनीवर बसत. मान वर करून पाहणाऱ्यास झुकलेलें चित्र सरळ दिसे व कांचेवर उजेडाची तिरीप येत नसे. शिवाय वडीलधाऱ्यांच्या तसबिरीस कोणाची पाठ लागूं नये हाही हेतु असे. आतां आपण खुर्चीवर बसतों, पण तसबिरी अद्याप तेथेंच आहेत, आणि त्यांतील चेहरे कोणी पाहत नाहीं.

ख्रिस्ती घरांत प्रभु येशूचें चित्र असतेंच, आणि तें बहुधा पाश्चात्य वळणाचें, भुऱ्या केसांचें असतें. त्यांत दोष नाहीं. मात्र तेवढें एकच वळण आहे असा मुलांचा समज होऊं नये. गोव्यांत १९०२ सालीं जन्मलेले आंजेलो द फोन्सेका चित्रकला शिकण्यासाठीं बंगालमध्यें अवनींद्रनाथ ठाकुरांकडे गेले आणि पुढें पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमांत राहिले. त्यांच्या चित्रांतील मरीया आपल्याकडच्या स्त्रीप्रमाणें साडी नेसते. अशा एखाद्या चित्राची छापील प्रत जुन्या चित्राच्या शेजारीं लावून पाहावी. घरांत त्यावर बोलणें निघतें, हा माझा अनुभव आहे.

मांडणीची खरी मेहनत खिळा मारण्यापूर्वींची. सर्व तसबिरी प्रथम जमिनीवर चादर पसरून तिच्यावर मांडाव्या. सर्वांत मोठी अगदीं मधोमध न ठेवतां किंचित् एका बाजूस ठेवावी व लहान तिच्याभोंवतीं जुळवाव्या. दोहोंमध्यें दोन-तीन इंचांचें अंतर सगळीकडे सारखें असलें, म्हणजे चौकटी निरनिराळ्या असूनही समुदाय एक दिसतो. या सबंध समुदायाचा मध्य जमिनीपासून पावणेपांच ते पांच फुटांवर यावा. मग प्रत्येक चौकटीच्या मापाचा वर्तमानपत्राचा तुकडा कापून भिंतीस चिकटवावा आणि दोन दिवस तसाच राहूं द्यावा. कागद हलविण्यास कष्ट नाहींत, भोंक बुजविण्यास आहेत. दोरी ताणल्यावर ती चौकटीच्या कडेखालीं किती येते तें मोजून कागदावर खूण करावी. एका खिळ्याऐवजीं एकाच पातळींत दोन मारले तर तसबीर तिरपी होत नाहीं. पातळी डोळ्यांनीं न ठरवितां गवंड्याच्या पाणसळीनें ठरवावी. विजेच्या बटणांच्या सरळ वर किंवा खालीं मात्र खिळा कधींही मारूं नये. तार बहुधा त्याच रेषेंत भिंतींतून गेलेली असते. मुलांनो, १८६३ सालापासूनचा आपला अजब बंगला तुम्हीं पाहिला असेल. पुन्हां जाल तेव्हां वस्तूंबरोबर त्या किती उंचीवर व कोणत्या उजेडांत ठेविल्या आहेत तेंही पाहा.

आतां ज्या चुकीमुळें मला हें सारें शिकावें लागलें ती सांगतें. आमच्या भिंतीवर पांच तसबिरी होत्या, पांचही पुरुषांच्या. “यांना आया नव्हत्या का?” असें धाकट्या मुलीनें विचारलें, तेव्हां माझ्या पणजीची आठवण झाली. १८९९-१९०० च्या दुष्काळांत ती लहान मुलगी म्हणून मिशनच्या अनाथाश्रमांत आली. तिचें एकच छायाचित्र आहे, तेंही आश्रमांतील मुलींच्या घोळक्यांतलें. तें आंतल्या खोलींत, कूलरच्या समोर टांगलेलें होतें. खालीं काढून चौकट उघडली तों छायाचित्र कांचेस चिकटलेलें. चौकट करणाऱ्यानें तें कांचेला भिडवूनच बसविलें होतें. छायाचित्रावर सरसासारख्या पदार्थाचा पातळ थर असतो. दमट हवेनें तो फुगतो, मऊ होतो आणि वाळतांना कांचेला धरतो. नागपुरांत उन्हाळ्याचे तीन महिने कूलर आणि त्यापाठोपाठ पावसाळा. त्या थराला कोरडे दिवस थोडेच. हें ठाऊक नसल्यानें मीं तें ओढलें. पणजीचा चेहरा वांचला. तिच्या शेजारच्या दोन मुलींचे चेहरे कांचेवर राहिले, आणि त्या कोण होत्या हें सांगणारें आतां कोणी नाहीं.

असें चिकटलेलें छायाचित्र ओढूं नये. कांचेसकट त्याची प्रत काढून घ्यावी. नव्या चौकटींत चित्र आणि कांच यांच्यामध्यें जाड पुठ्ठ्याची कड घालावी, म्हणजे दोहोंत पोकळी राहते. चौकटीच्या मागें खालच्या दोन कोंपऱ्यांस बुचाचे तुकडे लावावे, म्हणजे भिंतीची ओल तिला लागत नाहीं. कूलरसमोरची, पावसांत झिरपणारी आणि थेट उन्हाची भिंत टाळावी. सुमारें चाळीस-पन्नास वर्षांपूर्वींचीं रंगीत छायाचित्रें पुष्कळ घरांत लालसर झालेलीं दिसतात. त्यांतील निळसर रंग अंधारांतही उडतो, म्हणून त्यांच्या प्रती लवकर कराव्या. भिंतीवर प्रतच लावावी, मूळ कपाटांत कोरड्या जागीं ठेवावें, आणि मागें माणसांचीं नांवें मऊ पेन्सिलीनें लिहावीं. शाई कागदांतून पुढें उमटते.

पणजीचा चेहरा तेवढा कापून मोठा करावा असें घरांत कोणी सुचविलें. मीं सबंध घोळक्याचीच प्रत केली, ज्या स्थितींत आहे त्या स्थितींत, आणि ती खालच्या ओळींत, मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर लाविली.