खोलीचा खर्ज

लाउडस्पीकरची पेटी घरच्या घरी बांधण्याची ज्याला हौस आहे, असा गृहस्थ सुताराशी प्लायवूडच्या जाडीविषयी आणि दुकानदाराशी चुंबकाच्या वजनाविषयी जेवढा खल करतो, त्याच्या दशांशानेही, ज्या खोलीत ती पेटी वर्षानुवर्षे वाजावयाची आहे, त्या खोलीच्या लांबीरुंदीचा विचार करीत नाही. आणि मग मित्राच्या दिवाणखान्यात गंभीर व सुस्पष्ट वाटलेला खर्ज आपल्या घरी नुसता घुमतो, किंवा मुळीच ऐकू येत नाही, अशी तक्रार घेऊन तो पुन्हा दुकानदाराच्या दारी उभा राहतो. माझे मत असे, की यांपैकी पुष्कळशा तक्रारी पेटीच्या नव्हे, तर खोलीच्या खात्यावर नोंदविल्या पाहिजेत. सुमारे दोनशे हर्ट्झच्या खाली पेटी आणि खोली मिळून एकच वाद्य होते, आणि त्या वाद्याचा मोठा हिस्सा गवंड्याने आधीच बांधून ठेवलेला असतो.

जळगाव वा धुळे येथील स्लॅबच्या घरातली बारा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी खोली घ्या. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी मावते, ती लहर तेथे मागेपुढे परावर्तित होऊन स्थिर होते आणि बळावते. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला, तर बारा फुटांचा हा स्वर ४७ हर्ट्झ आणि दहा फुटांचा ५६ हर्ट्झ येतो. रुंदी व उंची सारखीच असल्यामुळे ५६ चा आघात दुहेरी होतो, आणि लांबीरुंदी मिळून ७३ हर्ट्झचा आणखी एक स्वर उभा राहतो. आता काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाचा षड्ज १३८ हर्ट्झच्या किंचित वर असतो, म्हणजे त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ वर बोलते. खोलीची रुंदी दहाऐवजी आठ-सव्वाआठ फूट असेल, तर ती तार आणि ती खोली एकाच स्वरात लागलेली असतात! अशा खोलीत भिंतीला लोड लावून बसलेल्या श्रोत्याला खर्ज असह्य वाटतो, आणि मधोमध बसलेल्याला तो जवळजवळ नाहीसा झाल्यासारखा भासतो. कारण या लहरीचा दाब भिंतीपाशी सर्वाधिक आणि मध्यावर सर्वांत क्षीण असतो. दोघेही खरे बोलत असतात.

खानदेशच्या हवामानाने या हिशेबात आणखी एक फेरफार केला आहे, आणि मला तो फार चित्ताकर्षक वाटतो. हवा तापली की ध्वनीचा वेग वाढतो: दहा अंशांच्या पौषातील पहाटे तो ३३७ मीटर, तर बेचाळीस अंशांच्या वैशाखातील दुपारी ३५६ मीटर भरतो. खोलीतील हवाही तितकीच गार अथवा तप्त झाली, तर खोलीचे सगळे स्वर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत जवळजवळ अर्ध्या सुराने चढतात. गवई आपला तंबोरा पुन्हा जुळवून घेतो. भिंतींना ती मुभा नाही. त्यातच उन्हाळ्यात दुपारी दारे-खिडक्या बंद असतात आणि रात्री सताड उघडतात, त्यामुळे एकाच दिवसात त्याच पेटीचा खर्ज कधी कोंडलेला, तर कधी मोकळा ऐकू येतो. उघडे दार हे खर्जाला बाहेर जाण्याची वाट देते, आणि त्या मानाने घुमणे कमी होते.

जुन्या धाब्याच्या घरांत हा प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा होता. लाकडी तुळयांवर फळ्या आणि त्यांवर मातीचा थर, असे छत खर्जाबरोबर किंचित हलते आणि त्याची काही शक्ती स्वतःत जिरवते. उलट सिमेंटचा स्लॅब आणि विटांची भिंत ती जवळजवळ संपूर्ण परत करतात. या स्लॅबच्या घुमण्यावर तोडगा म्हणून भिंतीवर गोधड्या टांगण्याची जी पद्धत आहे, तिच्याविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. हार्वर्ड विद्यापीठात वॉलेस सॅबाइन याने १८९५ मध्ये व्याख्यानगृहाच्या घुमण्यावर संशोधन आरंभिले आणि आसनांच्या गाद्या मांडून ते घुमणे मोजले, हे खरे. परंतु त्याच्या मोजमापाचा ऑर्गनचा स्वर ५१२ हर्ट्झचा होता. ४७ हर्ट्झची लहर सव्वासात मीटर लांब असते. बोटभर जाडीची गोधडी तिला अडवू शकत नाही. ती फक्त सारंगीचे तेज आणि गवयाची व्यंजने खाऊन टाकते, आणि खर्ज पूर्वीपेक्षाही उघडा पडतो.

उपाय पेटीच्या आकारातच शोधला पाहिजे, आणि तो शोधण्याचे गणित १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील याने आणि पुढल्या दशकाच्या आरंभी रिचर्ड स्मॉल याने मांडून ठेवले आहे. समजा, एखाद्या स्पीकरचा स्वतःचा स्वर ४० हर्ट्झ, त्याचा एकूण क्यू, म्हणजे त्याचे घुमणे किती आवरलेले आहे हे दाखविणारा अंक, ०.४ आणि त्याच्या लवचिकतेशी तुल्य असे हवेचे आकारमान ४० लिटर आहे. त्याला पाइप लावलेली त्रेचाळीस लिटरांची पेटी दिली आणि ती ३८ हर्ट्झला जुळविली, तर उघड्या मैदानात तो जवळजवळ तेथपर्यंत उतरतो. जळगावात पीव्हीसी पाइपाचा उद्योग मोठा असल्याने त्यासाठी लागणारा वीतभर तुकडाही सहज मिळतो. कागदावर ही पेटी श्रेष्ठ आहे. पण आपल्या खोलीत ती ४७ आणि ५६ या नेमक्या नको त्या स्वरांना पूर्ण खुराक पुरविते. तोच स्पीकर वीस लिटरांच्या बंद पेटीत बसविला, तर त्याचा स्वर ७० वर जातो. ५६ ला तो सुमारे पाच आणि ४७ ला सुमारे आठ डेसिबलनी आधीच मंदावलेला असतो. खोली जेथे चढते, तेथे पेटी उतरते. शिवाय ४७ च्याही खाली लहान बंद खोली दाबाची कोठी बनून खर्जाला स्वतःच उचलून धरते. दारांच्या फटी आणि कूलरचे भोक यांमुळे ही वाढ ग्रंथांत सांगितल्याइतकी भरत नाही, तरी बंद पेटीची उतरण सौम्य, सप्तकाला बारा डेसिबल, असल्याने दोघींचा मेळ बसतो. पाइपाच्या पेटीची उतरण याच्या दुप्पट तीव्र असते. म्हणून सामान्य घरासाठी मी लहान बंद पेटीचीच शिफारस करीन, आणि खोली मोजल्याखेरीज सुताराला माप देऊ नये, असेही आग्रहाने सांगेन.

पेटी तयार झाल्यावर तिची जागा ठरविण्याची युक्ती सोपी आहे: पेटी आपल्या बैठकीच्या जागी ठेवावी, खर्जाचे स्वर क्रमाने वाजवावेत, आणि आपण भिंतीकडेने ओणवे फिरून जेथे ते सर्वांत समतोल ऐकू येतील ती जागा खडूने आखावी. ध्वनीचा मार्ग दोन्ही दिशांनी सारखाच असल्यामुळे, तेथे ठेवलेली पेटी बैठकीवर तसाच समतोल देते. ती जागा बहुधा कोपऱ्यात येत नाही, कारण कोपरा खोलीचे सगळेच स्वर जागे करतो. ज्यांनी पाइपाची पेटी आधीच बांधली आहे, त्यांनी ती मोडू नये. पाइपात कापडाची घट्ट गुंडाळी बसवून ती बंद करावी, एक आठवडा ऐकावे, आणि मगच तिच्यात करवत घालावयाची की नाही हे ठरवावे.