अपोहन, कृत्रिम श्वसनावरील रुग्णांचे

मूत्रपिंडे निकामी झालेल्या आणि श्वसनयंत्राच्या साहाय्याने श्वासोच्छ्‌वास चालू ठेवावा लागलेल्या अत्यवस्थ रुग्णाच्या रक्तातील यूरियासारखी त्याज्य द्रव्ये, वाजवीपेक्षा जास्त झालेले पोटॅशियम, अम्ल व पाणी अर्धपार्य पटलामार्फत काढून टाकण्याची क्रिया. अपोहनाची सर्वसाधारण तत्त्वे व उपकरणे यांचे वर्णन स्वतंत्र नोंदीत आढळेल [⟶ अपोहन]. अशा रुग्णास अपोहन कितपत सोसते व ते सोसण्याजोगे कसे करता येते, एवढाच विचार येथे केला आहे. बाह्यतः हा रुग्ण फुप्फुसाचा वाटत असला, तरी अपोहन चालू असताना बिघाड होतो तो बहुधा रक्ताभिसरणात, श्वसनात नव्हे.

इतिहास : नेदर्लंड्समधील कांपेन येथे व्हिलेम कॉल्फ या वैद्यांनी १९४३ मध्ये फिरत्या पिंपाचे कृत्रिम मूत्रपिंड वापरण्यास आरंभ केला. १९४५ मध्ये मूत्रविषरक्ततेने बेशुद्ध झालेली ६७ वर्षांची एक स्त्री त्याच्या साहाय्याने वाचली. १९५२ साली कोपनहेगन येथे बालपक्षाघाताची मोठी साथ आली असता ब्यर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेत नळी बसवून दाबाने हवा देण्याची पद्धत सुरू केली. पुरेशी यंत्रे नसल्याने वैद्यकाचे विद्यार्थी पाळीपाळीने हाताने पिशव्या दाबीत बसत. या दोन स्वतंत्र प्रयत्नांची गाठ पुढे अतिदक्षता विभागात पडली. तीव्र आघात किंवा जंतुरक्तता झालेले जे रुग्ण पूर्वी पहिल्या एकदोन दिवसांतच दगावत, ते आता इतके दिवस जगू लागले की, त्यांची फुप्फुसे व मूत्रपिंडे पाठोपाठ निकामी होताना दिसू लागली. अशा फुप्फुसविकाराचे (तीव्र श्वसनत्रास लक्षणसमूहाचे) वर्णन अ‍ॅशबॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये केले.

श्वसनावरील परिणाम : आपला श्वास आपण घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातील ऑक्सिजन अपोहन सुरू होताच थोडा कमी होतो, हे बऱ्याच पूर्वी लक्षात आले होते. याची मुख्य कारणे दोन आहेत. पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या अ‍ॅसिटेटयुक्त विद्रावात बायकार्बोनेट नसे. त्यामुळे रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड पटलातून विद्रावात निघून जाई. मेंदूतील श्वसनकेंद्रास उद्दीपन कमी मिळाल्याने श्वास मंद होई व ऑक्सिजनही कमी घेतला जाई. दुसरे कारण पटलाचे होय. सेल्युलोजापासून केलेल्या जुन्या पटलांशी रक्ताचा संपर्क आला की, रक्तरसातील पूरक प्रथिने उद्दीपित होऊन श्वेत कोशिका फुप्फुसातील केशवाहिन्यांत अडकून पडत.

यांपैकी पहिले कारण श्वसनयंत्रावरील रुग्णास फारसे लागू पडत नाही. दर मिनिटास किती हवा द्यावयाची ते यंत्रावर ठरविलेले असते. कार्बन डाय-ऑक्साइड कमी झाला म्हणून यंत्र मंदावत नाही. या एका बाबतीत यंत्रावरील रुग्ण स्वतः श्वास घेणाऱ्यापेक्षा सुरक्षित असतो, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. मात्र रुग्णाच्या स्वतःच्या प्रयत्नानुसार श्वास देण्याची यंत्राची पद्धत निवडली असल्यास हे संरक्षण राहत नाही. बायकार्बोनेटयुक्त विद्राव व संश्लेषित पटले प्रचारात आल्यापासून दोन्ही कारणांचे महत्त्व घटले आहे. उलट फुप्फुसांत साचलेले पाणी अपोहनाने निघून गेल्यावर ऑक्सिजनचे प्रमाण पुष्कळदा सुधारते. एक सावधगिरी मात्र राहते. फुप्फुसांस इजा होऊ नये म्हणून हल्ली प्रत्येक श्वासात थोडीच हवा (अपेक्षित वजनाच्या दर किग्रॅ.ला सु. ६ मिलि.) देतात. अशा रुग्णास बायकार्बोनेट वेगाने दिल्यास त्यापासून तयार होणारा कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकण्यास वाव कमी असतो.

रक्ताभिसरणावरील परिणाम : खरी अडचण येथे आहे. नैसर्गिक श्वास आत घेताना छातीतील दाब कमी होतो व नीलांतील रक्त हृदयाकडे ओढले जाते. यंत्र मात्र हवा दाबाने आत ढकलते. त्यामुळे छातीतील दाब वाढून हृदयाकडे परतणारे रक्त घटते. उच्छ्‌वासाच्या शेवटीही दाब कायम ठेवला असल्यास हा परिणाम अधिक होतो. त्यातच अपोहनयंत्र रक्तवाहिन्यांतून पाणी काढू लागते. ऊतकांत साठलेले पाणी सावकाशीने रक्तवाहिन्यांत परत येते व तूट भरून निघते. पाणी काढण्याचा वेग या भरपाईपेक्षा अधिक झाला की, रक्तदाब कोसळतो. निरोगी माणसात अशा वेळी रोहिणिका आकुंचन पावतात. जंतुरक्ततेमुळे त्या शिथिल झालेल्या असतात आणि गुंगीची औषधे ही प्रतिक्रिया आणखी बोथट करतात. सर्वांगास सूज असूनही रक्तवाहिन्या रित्या असू शकतात, ही गोष्ट नवख्याच्या ध्यानात येत नाही व तो सूज पाहून पाणी काढीत सुटतो.

रक्तदाब घसरण्याचे परिणाम तेवढ्या वेळेपुरते नसतात. इजा झालेल्या मूत्रपिंडास स्वतःचा रक्तपुरवठा स्थिर राखता येत नाही. दाब वारंवार घसरल्यास त्यास नव्याने इजा होते आणि बरे होऊ घातलेले मूत्रपिंड कायमचे गमावण्याचा संभव असतो.

सहनशीलता वाढविण्याचे उपाय : फ्रान्समधील एका अतिदक्षता विभागाने २००० साली प्रसिद्ध केलेल्या अनुभवानुसार साध्या उपायांनी पुष्कळ फरक पडतो. विद्रावातील सोडियम लिटरला १४५ मिलिमोल किंवा अधिक ठेवणे, विद्रावाचे तापमान ३५° से.च्या आसपास ठेवणे, रक्ताचा प्रवाह माफक ठेवणे व एका बैठकीस किमान चार तास देणे, हे ते उपाय होत. थंड विद्रावामुळे रक्तवाहिन्या आकुंचित राहतात.

दुसरा मार्ग म्हणजे कालावधी वाढविणे. गटिंगेन येथील पेटर क्रामर यांनी १९७७ मध्ये अखंड चालणारे रक्तगालन सुरू केले. त्यात रुग्णाच्या रोहिणीतील दाबानेच रक्त गाळणीतून वाहत असे. नंतर पंपाची योजना झाली. चोवीस तासांत विभागून पाणी काढल्याने धक्का कमी बसतो, हे उघड आहे. तथापि फ्रान्समधील २१ विभागांतील ३६० रुग्णांच्या २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६० दिवसांनंतर जिवंत राहिलेल्यांचे प्रमाण अखंड पद्धतीत ३३% व खंडित पद्धतीत ३२%, म्हणजे जवळजवळ सारखेच आढळले. काळजीपूर्वक केलेले खंडित अपोहन कमी प्रतीचे नव्हे, असा याचा अर्थ होतो. भारतात खर्चाच्या दृष्टीने मधला मार्ग अधिक रूढ आहे. नेहमीच्याच यंत्रावर प्रवाह कमी ठेवून सहा ते बारा तास संथ अपोहन करतात. उदरातील पर्युदर पटलाद्वारे करावयाच्या अपोहनात रक्तदाब फारसा हलत नाही, परंतु पोटात भरलेला द्रव मध्यपटलास वर रेटतो. त्यामुळे फुप्फुसे ताठर झालेली असल्यास एका वेळी कमी द्रव भरावा लागतो.

प्रारंभ केव्हा करावा : अपोहन लवकर सुरू करावे असा कल पूर्वी होता. श्वसनयंत्रावर किंवा रक्तदाबवर्धक औषधांवर असलेल्या ६२० रुग्णांवरील फ्रान्समधील चाचणीत (२०१६) निकडीची लक्षणे दिसेपर्यंत थांबल्याने मृत्यूचे प्रमाण वाढले नाही आणि थांबलेल्यांपैकी ४९% रुग्णांना अपोहन मुळीच लागले नाही. सु. ३,००० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत (२०२०) लवकर अपोहन झालेल्या गटातील वाचलेल्यांपैकी १०.४% रुग्ण ९० दिवसांनंतरही अपोहनावर अवलंबून होते. दुसऱ्या गटात हे प्रमाण ६% होते. पोटॅशियमची धोकादायक वाढ, तीव्र अम्लता किंवा औषधांना न जुमानणारा फुप्फुसजलसंचय असल्यास मात्र थांबणे घातक ठरते.

हा नियम सर्व रोगांस सारखाच लावता येत नाही. मुंबई व कोकणपट्टीत पावसाळ्यात आढळणारा लेप्टोस्पायरोसिस हे याचे ठळक उदाहरण होय. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत त्याची साथ उद्‌भवली होती. तीव्र स्वरूपात फुप्फुसांत रक्तस्राव व मूत्रपिंडांची निष्फलता ही एकदमच येतात. ब्राझीलमधील साऊँ पाउलू येथे ३३ रुग्णांत उशिरा व एक दिवसाआड अपोहन केलेल्यांपैकी ६६.७%, तर तातडीने व रोज केलेल्यांपैकी १६.७% रुग्ण दगावले. अभ्यास लहान आहे, परंतु फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. या रोगात मूत्राचे प्रमाण पुष्कळदा चांगले असते व रक्तातील पोटॅशियम कमी असते. म्हणून विद्रावात पोटॅशियम पुरेसे ठेवावे लागते, अन्यथा हृदयाचे ठोके अनियमित होतात. फुप्फुसांतून रक्तस्राव होत असल्याने हेपारीन टाळतात. त्याऐवजी मंडलात सायट्रेट सोडून तेथील कॅल्शियम बांधून टाकतात, अथवा रक्त गोठू न देणारे कोणतेच द्रव्य न देता गाळणी अधूनमधून लवणविद्रावाने धुतात. यकृत बिघडलेले असल्यास सायट्रेट शरीरात साचते.

इतर काळजी : नीलेत नळी घालताना जत्रुकाखालील जागा शक्यतो टाळतात. तेथे फुप्फुसास छिद्र पडल्यास यंत्राच्या दाबामुळे छातीत हवा झपाट्याने साचते. अखंड पद्धतीत शरीर थंड पडते व ज्वर झाकला जातो, त्यामुळे नवा जंतुसंसर्ग उशिरा कळतो. प्रतिजैव औषधेही विद्रावातून निघून जातात व त्यांची मात्रा नव्याने ठरवावी लागते. फॉस्फेट सतत निघून गेल्याने मध्यपटल व इतर श्वसनस्नायू दुर्बल होतात. फुप्फुसे सुधारूनही रुग्ण यंत्रापासून सुटत नसल्यास रक्तातील फॉस्फेट तपासून पहावे. ते कमी आढळल्यास शिरेतून किंवा विद्रावात मिसळून भरून देतात.