स्लॅबवर मिस्तरी पाणी ओततो, मोबाईलवर शिकलेलं पोरगं गप्प का बसतं?

चांदवड : स्लॅबचा दिवस. मिक्सर फिरतोय आणि मिस्तरी ओरडतोय, "पाणी टाक अजून, माल सरकत नाही." बाजूला घरातलंच पोरगं उभं असतं. सिव्हिल डिप्लोमाचं, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर शिकलेलं. पाणी जास्त झालं की काँक्रीट कच्चं राहतं, हे त्याला पाठ आहे. पण वडिलांच्या वयाच्या माणसाला सांगायचं कसं?

बांधकामाचं ऑनलाइन शिक्षण नेटवर्कच्या आधी इथं अडतं. गवंडीकाम आपल्याकडं हाताखाली शिकतात. आधी घमेलं, मग ओळंबा धरणं, वर्षं गेल्यावर थापी. उस्तादाला विचारायचं नाही, बघायचं. चांदवडच्या रंगमहालाचे कारागीरही असेच शिकले असणार. हीच सवय ऑनलाइन तासाला येते. सर विचारतात, "काही शंका?" सगळे गप्प. सरांना वाटतं, समजलं.

दुसरी अडचण मापाची. कोर्समध्ये मिलिमीटर, साइटवर सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. ३ सुती सळई म्हणजे १० मिमीची, ४ सुती म्हणजे १२ ची. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. ही जोड कुणी लावून दिली नाही, तर शिकलेलं वहीतच राहतं. केंद्र सरकारच्या 'स्वयम'वर २०१७ पासून घरबसल्या कोर्स करता येतात, पण सिव्हिलची बरीचशी व्याख्यानं इंग्रजीत आहेत. मराठीतून घरी बसून शिकणं काही नवं नाही, नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून तेच करतंय.

बायांचं तर वेगळंच. दिवसभर माल त्याच वाहतात, थापी मात्र त्यांच्या हातात कुणी देत नाही. मोबाईल हा त्यांचा पहिला उस्ताद होऊ शकतो. पण घरात फोन एकच, तोही घरधन्याच्या खिशात.

मग त्या पोरानं काय करावं? स्लॅबच्या दिवशी वाद घालू नये. काम अंगावर देताना, चहा पिता पिता, वडिलांकडून बोलून घ्यावं. ५० किलोच्या गोणीला साधारण २५ ते २७ लिटर पाणी, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. बादलीवर आधीच खूण करून ठेवायची. बादली घरमालकाची असली की मिस्तरीचाही मान राहतो. माल सरकत नसेल तर व्हायब्रेटर लावायचा, पाणी ओतायचं नाही.